खुर्चीच्या पोटाखालचं नाव

अण्णा २०१७ साली आमच्याकडे न्यूजर्सीला आले होते. त्यांची ती पहिली आणि शेवटची अमेरिकावारी. लिबर्टीचा पुतळा झाला, नायगरा झाला, देऊळ झालं, मॉल झाला. प्रत्येक ठिकाणी अण्णा शहाण्या मुलासारखे आले, फोटोसाठी उभे राहिले आणि "छान आहे" म्हणून मोकळे झाले. शेवटी एक पावसाळी रविवार उरला, तेव्हा नवऱ्याच्या आग्रहाखातर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये गेलो. मला खात्री होती, की अण्णा तासाभरात कंटाळणार आणि मी त्यांना कॉफी पाजत बसणार.

चित्रांसमोरून ते खरंच भरभर गेले. मग आम्ही फ्रेंच दालनांमध्ये शिरलो आणि अण्णा थांबले. समोर दोरीपलीकडे एक खुर्ची. रंगवलेली, सोन्याचा वर्ख दिलेली, हातांच्या टोकांना कोरलेल्या छोट्या स्त्रीमूर्ती. पाटीवर लिहिलं होतं, की ही मारी आंत्वानेत राणीच्या सँ-क्लू राजवाड्यातली, १७८८ सालची. मला वाटलं, अण्णा राणीबद्दल काही विचारतील. तर हे गृहस्थ गुडघ्यांवर हात टेकून वाकले, मग चक्क उकिडवे बसले आणि मान तिरकी करून खुर्चीच्या खाली बघायला लागले! रखवालदार लगबगीने आला. मी ओशाळून सॉरी सॉरी म्हणत अण्णांना उठवलं. उठता उठता ते म्हणाले, "हे एकट्याचं काम नाही गं. चार हात तरी फिरलेत ह्याच्यावर."

बाकीच्यांसाठी सांगते (नातेवाईकांना ठाऊकच आहे), की अण्णा जन्मभर सुतार होते. सांगलीत गल्लीच्या टोकाला त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड, पुढे रंधा मारायचं बाक आणि भुश्श्याचा ढीग. आयुष्यात फ्रान्सचं नाव त्यांनी किती वेळा घेतलं असेल कुणास ठाऊक. पण तो "चार हात" माझ्या डोक्यात राहिला. घरी येऊन वाचायला लागले आणि मग वाचतच गेले. आठ वर्षं झाली, अजून तो किडा गेला नाही. आज हे सगळं एकदा लिहून टाकायचं ठरवलंय. त्याला कारणही घडलंय, ते शेवटी सांगते.

तर आधी ती खुर्ची. सँ-क्लू हा पॅरिसच्या पश्चिमेचा राजवाडा १७८५ साली राणीसाठी विकत घेतला गेला आणि मग तिथल्या सजावटीसाठी कारागिरांना कामं निघाली. राणीच्या खासगी दालनासाठी हा संच बनला. ही बसकी, ऐसपैस, गादीची खुर्ची (फ्रेंचमध्ये तिला बेर्जेर म्हणतात), एक दिवाण, आगीसमोर धरायचा एक पडदा वगैरे. लाकूड अक्रोडाचं. सांगाडा जाँ-बातिस्त-क्लोद सने याचा, रंग आणि सोनं लुई-फ्राँस्वा शातार याचं. म्युझियमच्या पाटीवर ही दोन नावं होती. म्हणजे अण्णांच्या चारातले दोन हात तर लगेच सापडले. आणि गंमत म्हणजे ज्या राजवाड्यासाठी हे सगळं केलं, तो राजवाडा १८७० साली फ्रान्स-प्रशिया युद्धात जळाला. राणी गेली, राजवाडा गेला, खुर्ची मात्र न्यूयॉर्कमध्ये सुखरूप.

ही खुर्ची ज्या शैलीतली आहे, तिला आपण नवअभिजात म्हणू. तिच्या आधीच्या, म्हणजे पंधराव्या लुईच्या काळातल्या खुर्च्या आठवा (सिनेमात पाहिल्या असतील). त्यांत सरळ रेषच नाही. पाय नागमोडी, पाठ वेलांटीसारखी, सगळीकडे फुलं आणि शिंपले. मग १७३८ मध्ये हर्क्युलेनियमचं आणि १७४८ मध्ये पॉम्पेचं उत्खनन सुरू झालं. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलेली रोमन घरं, भांडी, भिंतीवरची चित्रं बाहेर यायला लागली आणि सगळ्या युरोपला जुन्या ग्रीक-रोमन वस्तूंचं वेड लागलं. वेलांट्या मागे पडल्या, सरळ रेष आली. खुर्चीचा पाय देवळाच्या खांबासारखा झाला: गोल, खाली निमुळता, अंगावर उभ्या पन्हळी.

सुताराच्या दृष्टीने इथे एक अडचण आहे. नागमोडी पाय वरच्या चौकटीत वाहत जाऊन मिसळतो, पण गोल खांब चौकटीला जोडायचा कसा? त्यासाठी पायाच्या वरच्या टोकाला एक चौकोनी ठोकळा ठेवतात. चौकटीच्या दोन्ही पट्ट्यांची कुसवं त्या ठोकळ्याच्या खाचांमध्ये बसतात. आणि त्या ठोकळ्याच्या तोंडावर एक छोटं गोल फूल कोरतात. सोळाव्या लुईच्या काळातली खुर्ची ओळखायची असेल, तर आधी हे फूल शोधायचं. मी हे वाचलं तेव्हा फोनवर अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर. माणसाची नजर सांध्यावर जाऊ नये म्हणून तिथंच फूल." इतकी पुस्तकं वाचून मला जे उमगलं नव्हतं, ते त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं.

आता त्या चार हातांकडे वळू.

पॅरिसमध्ये लाकडात काम करणाऱ्यांचेही थर होते. घराच्या तुळया, वासे बसवणारे सुतार वेगळे. भरीव लाकडातून दारं, खिडक्या, खुर्च्या करणारे वेगळे, त्यांना मन्युइझिए म्हणत. आणि कपाटं, टेबलं यांच्यावर भारी लाकडाचे पातळ पापुद्रे चिकटवून नक्षी करणारे आणखी वेगळे, ते एबेनिस्त. एबोनी ह्या काळ्या लाकडावरून हे नाव पडलं. आपल्या खुर्च्या मन्युइझिएंच्या. त्यांतल्या बऱ्याच जणांची दुकानं रू द क्लेरी ह्या रस्त्यावर आणि आजूबाजूला होती. म्हणजे आपल्याकडे तांबट आळी, कासार आळी असते ना, तशी ही खुर्चीवाल्यांची आळी!

ह्या सगळ्यांची एक पंचायत होती. वय वर्षं बारा-चौदाला पोरगं उमेदवारीला लागायचं. काही वर्षं उमेदवारी, मग काही वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली कारागीर म्हणून, मग परीक्षेची एक वस्तू करून दाखवायची, पैसे भरायचे, तेव्हा कुठे 'उस्ताद' म्हणून स्वतःचं दुकान काढता यायचं. उस्तादाचा मुलगा असेल तर हे सगळं सोपं आणि स्वस्त. आपला सने तसाच, त्याचा बापही खुर्च्या करणारा. १७६९ साली तो उस्ताद झाला.

ह्या पंचायतीने १७४३ साली नवे नियम केले आणि १७५१ मध्ये ते रीतसर नोंदले गेले. त्यांतला एक नियम असा, की प्रत्येक उस्तादाने आपल्या मालावर स्वतःच्या नावाचा ठसा मारायचा. लोखंडी ठसा, हातोडीने लाकडावर ठोकायचा. खुर्चीवर तो बहुधा बैठकीच्या चौकटीला, खालच्या किंवा आतल्या बाजूने असतो. पंचायतीचे पंच दुकानांची तपासणी करत आणि माल पसंत पडला तर आपला तीन अक्षरी ठसा शेजारी मारत. हेतू कलेचा वगैरे अजिबात नव्हता. कच्चं लाकूड वापरणाऱ्याला पकडता यावं आणि बाहेरच्या कुणी चोरून धंदा करू नये, एवढाच. ग्राहकाला तो ठसा दिसतसुद्धा नसे, कारण खुर्ची उलटी करून कोण बघतंय? (अण्णा सोडून.)

पण हा दंडुका होता म्हणून आज आपल्याला जाकोब, सने, देलानुआ, बुलार ही नावं माहीत आहेत. इतक्या देशांतल्या इतक्या शतकांच्या खुर्च्या जगभर पडल्या आहेत. त्यांतल्या किती खुर्च्यांच्या कर्त्याचं नाव कुणाला सांगता येईल?

आणि इथेच गोची आहे. ठसा एकाचाच.

मन्युइझिए लाकूड निवडायचा, बहुतेक वेळा बीच किंवा अक्रोड. फर्म्यावरून पाय, हात, पाठ कापायचा, सांधे जुळवायचा. आपला ठसा मारला, की सांगाडा नक्षीवाल्याकडे. पानं, मोती, गोफ, फुलं हे सगळं तो कोरायचा. तिथून रंगारी-सोनाऱ्याकडे. खडूची पूड आणि सशाच्या कातड्याचा सरस यांचे एकावर एक कितीतरी थर तो द्यायचा. त्या थरांनी नक्षी बुजायची, मग बारीक हत्यारांनी ती पुन्हा खरवडून जिवंत करायची. त्यावर मातीचा तांबूस लेप, त्यावर सोन्याचा वर्ख, आणि शेवटी अकीक दगडाने घासून चकाकी. मग गादीवाला. नवारीसारखे पट्टे ताणून ठोकायचे, वर घोड्याच्या केसांचा थर, वर कापड, कडेने फीत आणि चुका. श्रीमंतांकडे तर गादी काढता-घालता येईल अशी सोय असे, कारण उन्हाळ्याचं कापड वेगळं आणि हिवाळ्याचं वेगळं.

म्हणजे सुतार, नक्षीवाला, सोनारी, गादीवाला. मोजा! अण्णांनी खाली वाकून अर्ध्या मिनिटात जे सांगितलं होतं, ते तंतोतंत खरं निघालं.

एकाने दुसऱ्याचं काम करायचं नाही, अशी त्या त्या पंचायतीची सक्त ताकीद. आणि पैशाचा हिशेब पाहिला तर आणखी मजा. सगळ्यांत जास्त पैसे रेशमी कापडाचे. सुताराच्या सांगाड्याचा वाटा त्या मानाने बारकाच असायचा. म्हणजे ज्याचं नाव उरलं, त्याला पैसे थोडे, आणि ज्या कापडाला जास्त पैसे पडले ते कसरीने, उन्हाने, बुडांनी केव्हाच खाल्लं. आज बहुतेक जुन्या खुर्च्यांवरचं कापड नंतरचं असतं.

नक्षीवाल्यांची नावं अगदीच बुडाली असं नाही. राजाच्या फर्निचरचं एक खातं होतं, तिथे प्रत्येक कारागिराचं वेगळं बिल जाई. ती कागदपत्रं बरीचशी टिकली म्हणून शातारसारखी नावं कळली. सरकारी कारकुनांना आपण कितीही नावं ठेवली तरी इतिहासाची अर्धी पुण्याई त्यांचीच. पण ज्या खुर्च्या राजाच्या नव्हत्या, एखाद्या व्यापाऱ्याच्या, वकिलाच्या घरच्या होत्या, त्यांची नक्षी कोणी कोरली? कळायला बहुधा मार्ग नाही. खाली ठसा एक, तो सुताराचा.

ह्या ठशांतला सगळ्यांत मोठा ठसा जॉर्ज जाकोबचा. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जन्म १७३९, बर्गंडीतल्या शेनी नावाच्या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी. लहानपणीच पोरका झाला. सोळाव्या वर्षाच्या आसपास पॅरिसला आला आणि १७६५ साली उस्ताद झाला. ना बाप धंद्यात, ना काका. पण वीस वर्षांत तो राणीचा आणि राजाच्या भावाचा कारागीर झाला. १७८७ साली रांबुये इथे राणीच्या हौसेखातर बांधलेल्या दुग्धशाळेसाठी त्याने महोगनीच्या खुर्च्या केल्या. चित्रकार ह्युबेर रोबेरच्या आराखड्यांवरून, जुन्या एट्रुस्कन वस्तूंच्या धर्तीवर. त्यांना ना सोनं, ना रंग. नुसतं घासून उजळलेलं भरीव लाकूड. इंग्लंडकडची ही महोगनीची चाल फ्रान्समध्ये खुर्च्यांना लावणाऱ्या पहिल्या काही लोकांत जाकोब होता. चित्रकार दाविदच्या स्टुडिओसाठीही त्याने रोमन घाटाच्या खुर्च्या केल्या आणि दाविदने त्या आपल्या चित्रांत वापरल्या. म्हणजे चित्रात प्राचीन रोममधले लोक बसलेत ती खुर्ची पॅरिसच्या सुताराकडून नुकतीच आलेली!

मग १७८९ उजाडलं. ज्यांच्यासाठी ह्या खुर्च्या बनत होत्या ते पळून गेले किंवा पुढे गिलोटीनखाली गेले. त्यांच्याकडची उधारी बुडाली. १७९१ साली कायद्याने पंचायती बरखास्त झाल्या. आता कोणीही कुठलाही धंदा करावा, ठसा मारायची सक्ती नाही. ऐकायला छान वाटतं. पण त्याच वर्षी जूनमध्ये दुसरा कायदा आला, की कामगारांनी मजुरीसाठी एकत्र यायचं नाही. उस्तादांचे पाश सुटले, त्यांच्या हाताखालच्या कारागिरांचे नवे आवळले. ऑगस्ट १७९३ ते ऑगस्ट १७९४ असा वर्षभर व्हर्सायच्या राजवाड्यातल्या सामानाचा लिलाव चालला. सतरा हजारांहून जास्त नग! ते सामान त्या लिलावातून जगभर पांगलं.

राजाराणीचा माणूस म्हणून जाकोबवरही बालंट आलं होतं. दाविद तेव्हा क्रांतिकारकांतलं बडं प्रस्थ होता, त्याने सांभाळून घेतलं. इतकंच नाही, तर १७९३ मध्ये क्रांतिकारक संसदेच्या सभागृहाच्या फर्निचरचं काम जाकोबलाच मिळालं. १७९६ साली त्याने धंदा मुलांच्या हाती दिला. १८०३ साली थोरला मुलगा गेला, तेव्हा म्हाताऱ्याला पुन्हा दुकानात उभं राहावं लागलं. धाकटा जाकोब-देमाल्तेर ह्या नावाने पुढे आला. आता पंचायतीची आडकाठी नव्हती, त्यामुळे सुतार, नक्षीवाले, पितळकाम करणारे सगळे एकाच छपराखाली. तीनशेच्यावर माणसं. १८०४ साली नेपोलियनचं सिंहासन ह्याच कारखान्यातून गेलं. म्हणजे राणीची खुर्ची, तिला संपवणाऱ्या संसदेची बाकं आणि त्या संसदेच्या वारसांना गुंडाळून बसलेल्या बादशहाचं सिंहासन, सगळं एकाच घरातलं. सुताराला काय, बसणारा बदलला तरी बैठकीची उंची तीच.

पण बादशहाकडूनही पैसे वेळेवर येईनात. १८१३ साली ह्या कारखान्याने दिवाळं काढलं. १८१४ साली जॉर्ज जाकोब वारला. (अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. "मोठी गिऱ्हाइकं उधारीवरच मारतात," एवढंच म्हणाले. त्यांच्याही वहीत काही नावं शेवटपर्यंत खोडायची राहिली होती.)

आता ह्या नावांचं पुढे काय झालं बघा. जो ठसा पंचांना निकृष्ट माल पकडता यावा म्हणून होता, त्याचीच पुढे किंमत झाली. गेल्या शंभर-दीडशे वर्षांत संग्राहक आणि म्युझियमं खुर्ची उलटी करून आधी ठसा शोधायला लागली. आणि ज्याला किंमत येते त्याची नक्कल येते.

२०१६ साली फ्रान्समध्ये मोठा गौप्यस्फोट झाला. बिल पालो हा अठराव्या शतकातल्या खुर्च्यांचा सगळ्यांत मोठा जाणकार, त्या विषयावरचा १९८७ सालचा ग्रंथ त्याचा. आणि ब्रुनो देनू हा पॅरिसमधला अव्वल कारागीर, व्हर्सायची दुरुस्तीची कामंही केलेला. ह्या दोघांनी मिळून २००७-०८ पासून खोट्या खुर्च्या केल्या होत्या. जुने, स्वस्त सांगाडे मिळवायचे, त्यांचं लाकूड वापरून देनूने कोरायचं, मग सोनं, मग गादी, आणि खाली नामवंत उस्तादाचा ठसा. त्या खुर्च्या थेट व्हर्सायच्या राजवाड्याने विकत घेतल्या! राणीच्या बागेतल्या बेल्व्हेदेरच्या म्हणून दाखवलेल्या दोन खुर्च्यांना २०१३ साली 'राष्ट्रीय ठेवा' जाहीर केलं गेलं आणि कतारच्या एका राजपुत्राने त्या वीस लाख युरोंना घेतल्या. पकडले गेले ते कोणा तज्ज्ञाच्या नजरेमुळे नाही. मध्ये वावरणाऱ्या एका साध्या माणसाच्या कमाईचा आणि त्याने घेतलेल्या घरांचा मेळ बसेना, म्हणून तपास लागला. जून २०२५ मध्ये पाँत्वाजच्या कोर्टाने दोघांना दोषी ठरवलं. तुरुंगवास (बराचसा स्थगित) आणि मोठाले दंड.

मला ह्या बातमीत सगळ्यांत चटका लावला तो देनूने. पालो हे ह्या कटातलं डोकं आणि देनू हात, असं कोर्टातही बोललं गेलं. विचार करा, ह्या माणसाचा हात इतका तयार, की आज अडीचशे वर्षांनंतर त्याचं काम फोलियोचं किंवा देलानुआचं म्हणून व्हर्सायमध्ये खपलं. पण तेच काम स्वतःच्या नावाने विकलं असतं, तर त्याला त्याच्या दहावा हिस्सा तरी किंमत आली असती का? त्याने केलं ते चूकच. फसवणूक ती फसवणूक. पण खुर्ची तीच, बसायला तितकीच चांगली, डोळ्याला तितकीच देखणी, आणि खालचं नाव खोटं निघाल्याबरोबर ती भंगार! मग इतके दिवस लोक बघत होते ते नेमकं काय?

हे सगळं आत्ताच का लिहितेय, ते आता सांगते. अण्णा २०२१ साली गेले. मागच्या महिन्यात दादाचा फोन आला. सांगलीचं घर आता पाडायला काढायचंय, सामानाची वाटणी सुरू आहे. माजघरातल्या त्या चार वेताच्या खुर्च्यांना गिऱ्हाईक आलंय. जुन्या वस्तूंचा व्यापारी आहे, पैसे बरे देतोय. फक्त एक बारीकशी गोष्ट. तो म्हणाला, "ब्रिटिशकालीन म्हणून जातील. कोणी विचारलं तर तुमच्या पणजोबांपासून घरात आहेत एवढं सांगा."

त्या खुर्च्या अण्णांनी १९७४ साली केल्या, दादाच्या बारशाच्या आधी. सागवान. हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

दादा म्हणाला, "तुला काय वाटतं? नाहीतरी आपल्या फ्लॅटमध्ये चार मावणार नाहीत." खोटं कशाला बोलू, रकमेचा आकडा ऐकून मीही क्षणभर गप्प झाले. मग म्हटलं, "दादा, एक खुर्ची उलटी करून खाली काय आहे ते बघ ना." वहिनीने फोन धरला, दादाने खुर्ची पालथी घातली. खाली चौकटीवर अण्णांच्या बोथट पेन्सिलीने लिहिलेलं अजून वाचता येत होतं: 'डा. मागचा', 'उ. मागचा', आणि '४ पैकी २'. नाव नाही. ठसा नाही. कुठला पाय कुठे जाईल, एवढंच.

बराच वेळ आम्ही तिघंही ते बघत राहिलो. मग दादा म्हणाला, "त्याला नाही म्हणून सांगतो." दोन तो ठेवणार, एक ताईकडे, आणि एक माझ्यासाठी आत्याकडे राहील, मी येईन तेव्हा बघू.

पण अण्णांचं ते वाक्य पाठ सोडेना. एकट्याचं काम नाही. मी आठवायला लागले. पुढचे गोल पाय अण्णांनी केले नव्हते, ते शनिवार पेठेकडच्या कातार्‍याकडून कातून आणले होते. पॉलिश करायला एक मामा यायचे, ते आम्हांला स्पिरिटच्या वासापासून लांब हाकलायचे. आणि पाठीची, बैठकीची वेताची जाळी विणायला चाचा यायचे. ओसरीवर बसून, पाण्यात भिजवलेला वेत दातांत धरून विणायचे, आणि उरलेल्या तुकड्यांची आम्हांला चक्रं करून द्यायचे. पन्नास वर्षं होऊन गेली, दोन खुर्च्यांची जाळी अजून शाबूत आहे.

पॅरिसच्या पंचायतीने एकाच नावाचा नियम केला होता. आमच्या घरात कसलाच नियम नाही, तेव्हा आम्ही चारही नावं लिहायची ठरवली आहेत. ठसा वगैरे काही नाही, अण्णांसारखीच, पेन्सिलीने, चौकटीच्या आतल्या बाजूला, खाली साल १९७४. अण्णांचं तर ठाऊकच आहे. कातार्‍यांचं नाव दादाला आठवलं, पॉलिशवाल्या मामांचं आत्याला.

चाचांचं नाव कोणालाच आठवत नाही. सगळे त्यांना चाचाच म्हणायचे. सांगलीची मंडळी, तुमच्यापैकी कोणाच्या घरी ते वेत विणायला येत असतील, तर जरा आईला, आजीला विचारून बघा. तोपर्यंत ती एक ओळ मोकळी ठेवायला दादाला सांगितलं आहे.